कोरडा उजेड

"डोये मिटले असन तं मिटले असू द्या जी. मले तसाच द्या तो फोटू."

काउंटरसमोरच्या स्टुलावर बसलेल्या बाईंनी हे इतक्या समजूतदारपणे म्हटलं, की काउंटरमागच्या कोकिळाबाईंनी चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

"कोणत्या सालचं म्हणता?"

"साल नाई सांगता येत बाप्पा. अण्णाजीच्या मोठ्या पोरीचं लगन झालं, थे साल. मी आठवीत होती. नव्वद नाई तं एक्याण्णव."

अण्णाजींच्या मोठ्या मुलीचं लग्न कोकिळाबाईंना काल झाल्यासारखं आठवत होतं. त्यांना सगळीच लग्नं आठवत. सकाळची गोळी घेतली की नाही हे अडुसष्टाव्या वर्षी आठवत नसे, पण कुठल्या नवरीची नथ सप्तपदीत गळून पडली, कुठल्या वरबापानं जेवणावरून ताट भिरकावलं, ते सगळं लख्ख. अण्णाजींकडे नागपूरचा बँड होता. मांडव गावच्या वेशीपर्यंत गेला होता.

बाईंचं नाव मीराबाई. तळेगावकडून बाजाराच्या एसटीनं आल्या होत्या. त्यांच्या मुलानं गावात नवं घर बांधलं होतं आणि येत्या रविवारी घरात बुद्धवंदना ठेवली होती. समोरच्या खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लागला होता. त्याच्या शेजारच्या भिंतीवर मायचा फोटो लावायचा, असं मीराबाईंनी मनाशी धरलं होतं. त्यांची माय, अन्नपूर्णा, जन्मभर लोकांच्या वावरात निंदायला गेली आणि एकुलत्या एका पोरीला शिकवलं.

"दुसरा नाई का एखादा फोटो, मावशी? रेशन कार्डावरचा, काईतरी?" अंकितनं संगणकावरून मान न काढता विचारलं. अंकित कोकिळाबाईंचा मुलगा. चाळिशीला टेकलेला. बापाच्या फोटो स्टुडिओत आता तो आधारची कामं करी, झेरॉक्स काढी आणि मोबाइलची कव्हरं विकी.

"नाई ना बाबू. माय फोटूले भेतच होती. लग्नात आमचा फोटू काढला, अन् मंग माय बाजाराच्या दिवशी इथं इचाराले आली. तं दुकानातल्या बाईनं सांगतलं का तुये डोये मिटले, फोटू बिघडला. झालं! मायच्या डोक्यात तेच बसलं. पुढं ओळखपत्राचे फोटू काढाले शाळेत लोकं आलते, गेली नाई. म्हणे माह्ये डोये मिटतेत, सरकारी कागद बिघडन. मामाच्या लग्नात फोटूले बलावलं, तं चुलीपाशी जाऊन बसली. असं करता करता मरून गेली." मीराबाई हसल्या. "येडी होती वं माय. अन् मेल्या माणसाचे डोये मिटलेच असतेत. म्हणून म्हणलं, तसाच द्या."

दुकानातली बाई समोरच बसली होती. मीराबाईंनी तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कशी? तेव्हाची ती घट्ट अंबाड्याची, खांद्यावर बॅटरीची पेटी अडकवलेली बाई कुठे, आणि ही हाडं झालेली म्हातारी कुठे.

"आई, डबे काढू का?" अंकित म्हणाला. "नव्वदचे असतीन ना वरच्या फळीवर?"

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण कोकिळाबाईंच्या तोंडून निघालं, "काढ."

बिस्किटांचे जुने डबे होते. झाकण उघडलं तसा आत कोंडलेला रसायनाचा वास वर आला, आंबट, व्हिनेगरसारखा. एके काळी हा वास म्हणजे त्यांची भाकरी होती. आज त्यांनी नाकाला पदर लावला. पाकिटांवर नवऱ्याच्या, प्रभाकररावांच्या, ठसठशीत अक्षरात नावं होती. अण्णाजी, लग्न, तीन रोल. तीन रोल म्हणजे एकशे आठ फोटो, आणि मांडवात माणूस हजार.

"कुठं उभ्या होत्या तुमी?" त्यांनी निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरत विचारलं. पट्टीवर काळ्या चेहऱ्यांची, पांढऱ्या केसांची माणसं रांगेनं बसलेली होती.

"आमी का पुढं बसत होतो? मांडवाच्या शेवटच्या बल्लीपाशी. मायनं दोन दिस त्याइच्या घरी गहू निसले होते, म्हणून जेवाले बलावलं होतं. फोटूवाले निंघाले होते, तं माय म्हणे, जी भाऊ, आमचा काढा एक. मायलेकीचा. मले तं लाजच आली. पण थे फोटूवाले लय चांगले माणूस. नाई म्हणलेच नाई. म्हणे, या, उभ्या राह्या. मायनं पदर सारका केला. माह्या कपाळावरचे केसं थुका लावून बसोले. मी पाय मागं घेतले, चप्पल नोती ना पायात. अन् त्याइच्या बाजूले बाई होती, तिच्या हातात थो मोठा लाइट. थे म्हणले, हसा बरं, हसा! अन् माही माय, जी कधी दात दाखवत नोती, थे हासली. भक्क करून उजेड पडला. रातभर मले डोयापुढं निळं निळं दिसे."

कोकिळाबाईंनी पट्टी खाली ठेवली.

'हसा बरं.'

त्यांना पुढचं काही शोधायची गरज उरली नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या या घरात आल्या, तेव्हा प्रभाकररावांनी त्यांच्या हाती पोळपाटाआधी फ्लॅशगन दिली होती. कॅमेरा त्यांचा, उजेड बायकोचा. फ्लॅशपासून कॅमेऱ्यापर्यंत एक काळी वायर जाई. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, साठाच्या आकड्यावर ठेवायचा. त्याहून जास्त वेगावर राहिला, की अर्धा फोटो काळा. एकदा नवरदेव अख्खा गेला होता आणि नवरी एकटीच कुणाला तरी हार घालत होती. माणूस किती पावलांवर आहे ते नजरेनं मोजायचं, फ्लॅशच्या पाठीवरच्या तक्त्यात बघायचं आणि काचेचं तोंड किती उघडं ठेवायचं तो आकडा नवऱ्याच्या कानात सांगायचा. आठ पावलं, पाच-सहा. चार पावलं, अकरा. कोकिळाबाईंचा आकडा चुकत नसे. पुढे पुढे तर त्या तक्त्याकडे बघतही नसत. हळदीला, चुड्याला, बायकांच्या घोळक्यात प्रभाकररावांना कोणी येऊ देत नसे. तिथे त्या स्वतःच कॅमेरा चालवत. आष्टी तालुक्यात अशी दुसरी बाई नव्हती. याचा त्यांना अभिमान होता, अगदी आज सकाळपर्यंत.

पण आणखी एक शिकवण होती. फ्लॅशच्या मागे बोटाच्या पेराएवढं एक बटण होतं. उजेड नीट पडतो की नाही ते तपासायचं. ते दाबलं, की कॅमेरा न चालवता नुसता फ्लॅश पडे. लग्नात शंभर माणसं अंगावर येत. दारू प्यालेले बँडवाले, सालदार, भांडी घासणाऱ्या बाया, कडेवर पोरं घेतलेल्या मजुरणी. 'जी भाऊ, आमचा एक.' यजमानानं आधीच बजावलेलं असे, आमच्या माणसांचेच काढा. नाही म्हणावं, तर कटकट. मग प्रभाकरराव कॅमेरा डोळ्याला लावत, गुडघ्यात वाकत, एक डोळा बारीक करत. खरा फोटो असला, की म्हणत, 'हलू नका.' आणि नुसता उजेड टाकायचा असला, की म्हणत, 'हसा बरं, हसा!' तो बायकोला इशारा. ती अंगठ्यानं बटण दाबी. माणसं खूश होऊन जेवायला जात. घरी परत येताना सायकलवर प्रभाकरराव मोजत, "आज किती कोरडे मारले वं?" ती सांगे, "चाळीसेक." दोघं हसत.

त्या हसण्याची आज त्यांना शिसारी आली. पाल अंगावर पडावी तशी. सायकलच्या कॅरियरवर बसून त्या हसत होत्या, आणि कुठल्या तरी घरी एक बाई पोरीला सांगत होती, आपला फोटू निघाला.

माणसं विचारायला येतच. मग, डोळे मिटले, तू हललीस, रोल जळाला. ही उत्तरं प्रभाकररावांनी पढवली होती. द्यायचं काम मात्र काउंटरवरच्या बाईचं. मीराबाईंची माय तीनदा आली होती. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा 'पुढच्या बाजारी' म्हणून लावून दिली. तिसऱ्यांदा तिनं ओच्यातून तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. शेंगा ठेवून घेतल्या आणि सांगितलं, "तुयेच डोये मिटले बाई. मी काय करू?" ती बाई स्वतःचीच चूक झाल्यासारखी ओशाळून गेली. शेंगा संध्याकाळी उकडून खाल्ल्या. कोवळ्या होत्या.

"भेटला?" मीराबाईंनी विचारलं.

"पाह्यतो."

आणि त्या खरंच पाहू लागल्या. वाटलं, एखाद्या खऱ्या फोटोत, मागे कुठे, ती उभी असेल. एवढी मिळाली तरी निभावेल. खोटं तसंच झाकलं राहील आणि बाईला फोटोही मिळेल. हा विचार किती ओंगळ आहे हे कळत असूनही त्या पट्ट्यामागून पट्ट्या उजेडाला लावत राहिल्या. दुसऱ्या रोलवर एक फोटो सापडला. पुढे अण्णाजींचे व्याही पाय पसरून बसलेले, आणि मागे, बल्लीच्या शेवटच्या खांबाजवळ, दोन आकार.

अंकितनं तो स्कॅन करून संगणकावर घेतला. पडद्यावर व्याह्यांच्या अंगठ्या लखलखल्या. मागे काळोख. त्यानं काळोख उजळवला, आणखी उजळवला. वाळू सांडावी तसे दाणेच दाणे आले. त्यांत नाक नव्हतं, डोळे नव्हते, काही नव्हतं. कोकिळाबाईंना हे आधीच ठाऊक असायला हवं होतं. फ्लॅशचा उजेड आठ-दहा पावलांपलीकडे दम टाकतो. तो पुढे बसलेल्यांसाठी असतो.

"हे आमी हाओ?" मीराबाईंनी पडद्याजवळ तोंड नेलं. "का शेणाच्या गवऱ्या रचल्या?"

"टेन्शन नका घेऊ, मावशी," अंकित म्हणाला. "आता एआय आलं. जरा इकडं पाहा बरं."

त्यानं मोबाइलवर मीराबाईंचा फोटो घेतला, संगणकात टाकला, इंग्रजीत काहीबाही लिहिलं. मिनिटभरात पडद्यावर एक म्हातारी उगवली. गोरीगोमटी, गुबगुबीत, कानात मोत्याच्या कुड्या, काठपदराची साडी, डोळ्यांत माया ओतू चाललेली. मालिकेतल्या सासूसारखी.

"पाहा. तुमच्याच तोंडावरून केली. डोळेबी उघडे हायेत."

"हे कोण बाई हाय?" मीराबाईंनी विचारलं.

"तुमची आई."

"माही माय?"

"थोडी सावळी करू? दोन मिनटं. अन् वजन कमी करतो."

त्यानं बटणं दाबली. म्हातारी सावळी झाली. गाल बसले. मग डोक्यावर पदर आला, कुड्या गेल्या. दर खेपेला अंकित विचारी, "आता? आता जमली?" आणि ती पडद्यावरची बाई प्रत्येक वेळी तशीच, तेच माया ओतणारं हसू हसे. मीराबाई गोंधळल्या होत्या. आईचा चेहरा आठवून आठवून त्या पडद्याशी ताडून पाहत होत्या, आणि त्यांच्या कपाळावर हळूहळू आठ्या पडत होत्या. आता थोड्या वेळात त्या 'असन अशीच' म्हणतील, हे कोकिळाबाईंना दिसलं. चौतीस वर्षांपूर्वी आईला डोळे मिटल्याचं पटवलं. आज लेकीला ही पटवायची. धंदा तोच. फक्त बटण बदललं.



"बंद कर ते, अंकित."

"अवं, होतच आलं..."

"बंद कर म्हणतो ना!"

अंकितनं दचकून हात काढला. कोकिळाबाई काउंटरला धरून उठल्या. बसून सांगायची ही गोष्ट नव्हती.

"मीराबाई, तुमच्या मायचे डोये मिटले नव्हते."

मीराबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजे चांगला आलता फोटू?"

"फोटो काढलाच नव्हता."

बाहेर बाजारात कोणी तरी लाऊडस्पीकरवर लसणाचा भाव ओरडत होतं.

"असं कसं? उजेड पडला होता ना. माह्या डोयावर पडला."

"उजेड माह्या हातात होता. कॅमेरा माह्या मालकाच्या हातात. त्याइनं कॅमेरा चालवलाच नाई. मी नुसता उजेड पाडला."

"काऊन?"

"रोल वाचवाले," कोकिळाबाई म्हणाल्या.

"आमच्यावर वाया जात होता?"

"हो."

"म्हंजे थे बाई तुमी?"

"मीच. अन् डोये मिटले म्हणून मीच सांगतलं. शेंगाबी ठेवून घेतल्या."

"आई, काय गरज हाय हे सगळं?" अंकित कुजबुजला.

"तू चूप राह्य."

मीराबाई रडतील, शिव्या देतील, काउंटरवरचं काही फेकून मारतील, असं कोकिळाबाईंना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण मीराबाईंनी फक्त स्वतःच्या पायांकडे पाहिलं. आज पायात चपला होत्या, नव्या, अंगठ्याच्या.

"माय आरशात पाहे," त्या म्हणाल्या. "डोये ताणून. उघडे ठेवून पाहे, किती येळ राह्यतेत. मले वाटे काई आजार झाला. मी तिले म्हणो, येडी झाली का वं? मी हासो तिले."

कोकिळाबाईंनी हात जोडायला वर उचलले आणि तसेच खाली घेतले. जोडलेले हात बघायला ही बाई एसटीनं आली नव्हती.

"मले माफ करा, असं नाई म्हणत मी. म्हणाचं तोंड नाई."

"नका म्हणू," मीराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माफी माह्याजवळ नाई. थे मायपाशी होती."

त्यांनी पिशवी उचलली. पडद्यावरची बाई अजून हसतच होती. अंकित ती बंद करायला विसरला होता. मीराबाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं. "इले पुसून टाकजो, बाबू. कोणाची माय नोय थे."

"मावशी, मी तुमचा मस्त फोटो काढून देतो," अंकित घाईनं म्हणाला. "खरा. पैसे नाई घेत. घरात लावाले होईन."

मीराबाई उंबऱ्याशी थांबल्या.

"फोटू तं काढाचा हाय माहा. पोराईले असं कोणाच्या दारी येऊन इचारा नाई लागलं पाह्यजे." त्यांनी पायरी उतरली. "पण इथं नाई."

रस्त्यापलीकडे गेल्या वर्षी एक नवा स्टुडिओ निघाला होता. त्याचं समोरचं दार काचेचं होतं. कोकिळाबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. मागून अंकित काही तरी पुटपुटत होता, गिऱ्हाईक हातचं घालवलं, आता गावभर होईल, बाबांचं नाव. भिंतीवर प्रभाकरराव हारामागून प्रसन्न हसत होते. तो फोटो कोकिळाबाईंनीच काढला होता, अकराच्या आकड्यावर, चार पावलांवरून. तो काढताना त्यांनी 'हलू नका' म्हटलं होतं.

कांद्याच्या पोत्यांमधून वाट काढत मीराबाई पलीकडे पोचल्या. काचेआड दुकानदारानं त्यांना स्टुलावर बसवलं. पाठ ताठ. त्यानं हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली असावी, कारण त्यानं हातानं तसं दाखवलं. त्यांनी घेतली नाही. उजेड पडला, रस्त्यापर्यंत आला. दुकानदार कॅमेरा घेऊन आत निघाला.

मीराबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. त्यांनी त्याला काही तरी म्हटलं. तो थांबला, मान हलवून हसला. त्यांनी पुन्हा म्हटलं. तेव्हा तो परत फिरला, त्यांच्याजवळ वाकला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर उमटलेला फोटो त्यांच्यासमोर धरला. मीराबाईंनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला आणि पाहत राहिल्या. दुकानदार ताटकळला, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. दाराशी आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली.

त्यांचं बघून होईपर्यंत सगळे थांबले.